अंगावर काढलेलं दुखणं

(पेण आणि रोहा इथल्या बैठकांमध्ये एका फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन.)



सुरुवातीलाच एक विनंती. ज्यांना मांडी घालून बसायला त्रास होतोय त्यांनी पाय लांब करा, भिंतीला टेका, खुर्ची ओढून घ्या. चारचौघींत पाय पसरून बसू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. गुडघे ठणकत असले तरी आपण ते पाळतो. आज पाळू नका. आज विषयच दुखण्याचा आहे.

दुखणं अंगावर काढणं हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग बाईसाठीच जन्माला आला असावा अशी मला कधी कधी शंका येते. पुरुषाला ताप आला की तो झोपतो आणि घर त्याच्याभोवती फिरू लागतं. बाई मात्र दुखणं पदरासारखं अंगावर घेऊन वावरते. माझ्याकडे येणाऱ्या बाया कधी येतात? पहिल्या महिन्यात क्वचितच. सहा महिने, वर्ष काढून येतात. तोवर बाम लावून झालेला असतो, दुकानातून आणलेल्या गोळ्या खाऊन पोट बिघडलेलं असतं, आणि शेवटी हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला, वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना, म्हणजे थोडक्यात घरच्यांची अडचण व्हायला लागली, की मग कुणीतरी म्हणतं, जा बाई दाखवून ये.

आता हे दुखणं येतं कुठून ते आपल्याच दोन तालुक्यांत बघू. पेणचा गणपती देशात आणि परदेशात जातो. हमरापूर, जोहे, तांबडशेत या भागात तर घरोघर कारखाने. त्यात रंग लावायला, घासकाम करायला, साच्यातून मूर्ती काढायला बाया किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पाटावर बसून, मान एका बाजूला कलवून, हातात ब्रश किंवा कानशीपेपर, आणि मजुरी बहुधा नगावर. नगावर मजुरी असली की मान वर करणं म्हणजे पैसे सोडणं. शाडू की प्लास्टर या वादावर गेली काही वर्षं कोर्टापर्यंत भांडण झालं, सरकारी फर्मानं निघाली. त्यात समुद्राचा विषय निघाला, कारखानदाराच्या धंद्याचा निघाला, आणि ते निघायलाच हवे होते. रंगवणारीच्या मनगटाचा विषय काही निघाला नाही.

तसंच पेणच्या पापडाचं. पीठ कुटणं, लाट्या करणं, लाटणं. मनगट आणि अंगठ्याचा सांधा तेच तेच हजार वेळा करतो. खारेपाटात तर उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी हंडे वाहायचे, त्याचे मोर्चे आपणच काढलेत. रोह्याकडे कालव्याला पाणी सुटलं की पावसाळी भाताच्या जोडीला उन्हाळी भात, म्हणजे कमरेत वाकून चिखलातली लावणी वर्षातून दोनदा. कातकरी बाया मोळ्या आणतात, वीटभट्टीवर जातात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्या बायांना आठ आठ तास उभं राहावं लागतं. आणि हे सगळं घरातलं काम सोडून. डॉक्टरच्या कागदावर यातलं काही येत नाही. तिथे लिहिलेलं असतं, ‘गृहिणी, वय ४२, कंबरदुखी’.

या दुखण्यावर आपल्याकडे हाताचे इलाज पहिल्यापासून आहेत. उसण भरली की पायाळू माणसाला पाठीवर पाय फिरवायला बोलावतात. हाड मोडलं की हाडवैद्य. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणारी, अंग रगडणारी बाई. कुठे बिब्बा लावतात, कुठे डागही देतात. मी या सगळ्याला एका दमात अंधश्रद्धा म्हणणार नाही आणि एका दमात आपलं पारंपरिक ज्ञान म्हणून गौरवणारही नाही. वेगवेगळं बघू या.

पायाळू माणसाचं रहस्य सोपं आहे. एकाएकी भरलेली उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपली आपणच उतरते. तिसऱ्या दिवशी पायाळू आला तर श्रेय त्याचं, आणि तिसऱ्या दिवशी मी आले तर माझं! बिब्बा आणि डाग मात्र बंदच करा. त्याने कातडी भाजते, जखम चिघळते, आतलं दुखणं तसंच राहतं. हाडवैद्याकडे मुरगळलेला पाय एकवेळ दाखवला तर समजू शकते, पण मोडलेलं हाड नाही. बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या आणि आत सूज वाढली की रक्त पोहोचत नाही. बोटं काळीनिळी पडतात, बधिर होतात, आणि हात कायमचा आकसतो, कधी कापावाही लागतो. लहान मुलाचं कोपर मोडलं असेल तर यात सर्वांत मोठा धोका. बांधल्यानंतर दुखणं वाढत चाललं, बोटं हलवता येईनात, तर रात्र काढायची नाही, बांधलेलं सोडवायचं आणि दवाखाना गाठायचा. प्लास्टरलाही हाच नियम.

राहिली अंग रगडणारी बाई. तिच्याबद्दल मला आदर आहे. तिच्या हाताला स्नायू कुठे ताठ आहे ते कळतं, आणि बाळंतिणीला दिवसातून तासभर कुणीतरी फक्त तिच्यासाठी हात लावतं ही साधी गोष्ट नाही. पण या बाईला मिळतं काय? लुगडं, तांदूळ, थोडे पैसे. पुष्कळ गावांत ती खालच्या मानलेल्या जातीची. तिचे हात अंगभर चालतात, आणि चहा मात्र वेगळ्या कपातून मिळतो. स्पर्शाचं राजकारण म्हणतात ते हेच.

यावरून एक जुनी हकीकत सांगते, कारण आमच्या व्यवसायाचा जन्मच या राजकारणातून झाला आहे. १८९४ साली लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली वेश्याव्यवसाय चालतो असा मोठा गवगवा झाला. रुग्णांना मालिश करणाऱ्या परिचारिका आणि सुइणींवर आपोआप शिंतोडे उडाले. तेव्हा त्यांच्यातल्या चौघींनी मिळून प्रशिक्षित मालिश करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली, परीक्षा ठेवली, नियम केले. डॉक्टरने सांगितल्याशिवाय मालिश करायची नाही, पुरुषांना सरसकट करायची नाही, जाहिरात करायची नाही. आजच्या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टांची संघटना या चौघींच्या संस्थेतून आली. अमेरिकेतही पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना उभं करणाऱ्या बायकांनी १९२१ मध्ये आपली संघटना केली, मेरी मॅकमिलन तिची पहिली अध्यक्ष. म्हणजे हा धंदा बायकांनी उभा केला. पण अब्रू मिळवण्यासाठी लंडनच्या त्या चौघींनी डॉक्टरच्या हाताखाली राहणं पत्करलं, आणि त्या काळचा डॉक्टर म्हणजे जवळजवळ नेहमी पुरुष. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. दुसरा रस्ता त्यांना कुणी ठेवला होता? आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा फार मोठा होता.

मग शिकलेला हात रगडणाऱ्या हातापेक्षा वेगळं काय करतो? एक उदाहरण घेऊन सांगते.

पावसाळ्यात विहिरीच्या काठावर, मोरीत, अंगणात शेवाळ धरतं. बाई घसरते, तोल सावरायला हात पुढे टेकते, आणि मनगटाच्या वर हाड मोडतं. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये हे फार, कारण पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. अशी एक पापड लाटणारी मावशी माझ्याकडे आली. पाच-सहा आठवडे प्लास्टर होतं. काढलं तेव्हा तिला सांगितलं, हाड जुळलं, आता कामाला लागा. ती म्हणाली, “हाड जुळलं, पण हात कामाचा र्‍हायला नाय, बाय.” बोटं सुजलेली, मूठ मिटत नव्हती, मनगट लाकडासारखं. आणि तळहात वर फिरत नव्हता. तळहात वर फिरला नाही की काय काय अडतं पाहा. ओंजळ धरता येत नाही, मजुरीचे सुटे पैसे हातावर घेता येत नाहीत, तोंडावर पाणी मारता येत नाही. खांदाही आखडला होता, कारण प्लास्टरचा हात तिने महिनाभर छातीशी धरून ठेवला होता. प्लास्टर असतानाही बोटं, कोपर, खांदा दिवसातून अनेकदा हलवायचे असतात, हे तिला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगायला दोन मिनिटं लागतात.

मनगटात आठ छोटी हाडं असतात, एकमेकांवर किंचित घसरणारी. आपण हात वाकवतो तेव्हा ती घसरतात म्हणून हात वाकतो. सांधा महिनाभर बंद राहिला की भोवतीचं आवरण आखडतं आणि ही घसरण थांबते. अशा वेळी नुसता हात धरून जोराने वाकवला तर दुखतं, सूज वाढते आणि बाई पुन्हा येत नाही. आम्ही एका हाताने मनगटाच्या वरची दोन हाडं धरतो, दुसऱ्या हाताने खालची ओळ धरतो, अगदी थोडा ताण देऊन ती ओळ वरखाली सरकवतो. हिसका न देता, झोका दिल्यासारखं, सेकंदाला एक-दोन वेळा, अर्धा-एक मिनिट. मग थांबतो, आणि तिलाच हात हलवून बघायला सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या चार पायऱ्या ठरवल्या. पहिल्या दोन दुखणं शांत करायला, पुढच्या दोन आखडलेपणा सोडवायला. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांची रीत अशी, की सांधा आम्ही हाताने सरकवून धरायचा आणि त्याच वेळी हालचाल रुग्णाने करायची. मला ती रीत आवडते, कारण तीत बाई नुसती पडून राहत नाही.

पण हातांनी हे केल्यावर जी सूट मिळते ती थोड्या वेळाची असते. तेवढ्यात व्यायाम करून ती पक्की करायची. मावशीला घरी दिलेले व्यायाम म्हणजे कोमट पाण्यात ओलं फडकं पिळणं, नमस्कार करून कोपरं हळूहळू बाजूला नेणं, लाटणं उभं धरून आत-बाहेर फिरवणं आणि नंतर कणीक मळणं. ते करायला तिला दिवसातून तीनदा दहा मिनिटं हवी होती. ती दहा मिनिटं मिळवणं हाच त्या उपचारातला सर्वांत अवघड भाग होता. शेवटी मी सुनेला बोलावून हंडा आणि धुणं काही दिवस मुलाकडे द्यायला सांगितलं. मुलगा आश्चर्याने बघत होता. अडीच महिन्यांनी मावशी लाटायला बसली. हात पूर्वीसारखा झाला का? नव्वद टक्के झाला.

हाताच्या उपचारांबद्दल खोट्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात, शिकलेली माणसंही सांगतात. ‘मणका सरकला होता, मी बसवला’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मणके असे ड्रॉवरसारखे सरकत नाहीत. ‘कट्’ असा आवाज येतो तो सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा झाल्याचा, हाड जागेवर बसल्याचा नव्हे. हाताच्या उपचाराने दुखणं कमी होतं ते बरंचसं मज्जातंतूंमार्फत. दुखण्याचा निरोप मंदावतो, स्नायू सैल पडतो, भीती कमी होते. ही लहान गोष्ट नाही, पण जादूही नाही. ‘मणक्यात गॅप आहे’ हेही असंच. काहीही दुखत नाही अशा पुष्कळ माणसांच्या फोटोत तसं दिसतं. आणि मानेला एकदम झटका देऊन कुणी ती मोडू देऊ नका, न्हाव्याच्या खुर्चीत तर नाहीच. मानेतून मेंदूला जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटते आणि पक्षाघात होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यात बायका जास्त. या संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं. त्यात व्यायाम, समजावून सांगणं, मणक्यावरचे हाताचे उपचार, मालिश यांना जागा आहे. आणि नेहमी वापरू नका म्हणून जी यादी आहे तीत काय आहे? कमरेचा पट्टा, वजन लावून ओढणं, करंटचं मशीन, अल्ट्रासाउंडचं मशीन. आपल्या गावातल्या दवाखान्यांत बाईला नेमकं काय मिळतं ते आठवा. मी माझ्या व्यवसायबंधूंवर उगाच राग काढत नाही. हिशोब सरळ आहे. हाताने उपचार करायचे तर एका बाईला अर्धा तास लागतो. मशीन लावलं तर त्याच अर्ध्या तासात चार जणी होतात. बायांनाही वाटतं, मशीन लावलं म्हणजे काहीतरी केलं. तेव्हा पैसे देताना विचारा, ताई, मला घरी काय करायचं ते शिकवाल का? शिकवत नसतील तर दुसरीकडे जा.

कंबरदुखी म्हटली की आणखी एक गोष्ट आपल्या माथी मारली जाते, ती म्हणजे पिशवी. १९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतला अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. बहुतेकींनी तो कुणाला दाखवलाही नव्हता. त्याचं उत्तर बायकांना उपचार मिळावेत असं होतं. प्रत्यक्षात काय झालं? २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार बायांची सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार बायांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. अंगावर जातंय, कंबर दुखतेय, टाका काढून. मोळी उचलून दुखणारी कंबर पिशवी काढून कशी थांबेल? उलट लहान वयात अंडाशयही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात. तुमच्या गावात कुणाला कंबरेसाठी पिशवी काढायला सांगितलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लावा, आणि हातात कागद असल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ देऊ नका.

मात्र काही दुखणी अशी असतात जिथे माझ्यासारखीनेही हात लावायचा नाही, आधी डॉक्टर. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचाचं भान जाणं किंवा जांघेची, बसायची जागा बधिर होणं; असं असेल तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय. रात्री वाढणारं दुखणं आणि जोडीला बारीक ताप, वजन उतरणं. आपल्याकडे मणक्याचा क्षय काही दुर्मीळ नाही. पूर्वी कर्करोग झालेला असणं. पडल्यावर टेकताच न येणं. पायातली शक्ती दिवसेंदिवस कमी होणं. हे फलकावर लिहून मंडळात लावून ठेवा.

आता स्पर्शाबद्दल. उपचाराच्या टेबलावर बाई पाठ उघडी करून पालथी पडते तेव्हा तिला समोरचं काही दिसत नाही. अशा वेळी तिला आधी सांगायला हवं, कुठे हात लावणार, का लावणार, कपडा कुठपर्यंत बाजूला होणार. चादर द्यायला हवी. उपचार करणारा पुरुष असेल तर खोलीत दुसरी बाई असावी असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. ‘थांबा’ म्हटलं की हात थांबलाच पाहिजे. पुष्कळजणी म्हणतात, बाई, आम्हाला लाज वाटते असं बोलायला. तुम्ही बोला. लाज ज्याला वाटायची त्याला वाटू दे.

आणि कधी कधी हाताला वेगळंच सापडतं. ‘मोरीत पडले’ असं सांगणाऱ्या बाईच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ असतात. बरगडीला हात लावताच ती चेहरा झाकते, म्हणजे मार चुकवताना झाकतात तसा. सासू पडद्याच्या आत येऊन उभी राहते आणि सगळी उत्तरं तीच देते. मी सासूला बाहेर बसवते, व्यायाम एकटीलाच शिकवावे लागतात म्हणून सांगते, आणि मग विचारते. काहीजणी त्याच दिवशी सांगतात, काही चौथ्या खेपेला, काही कधीच नाही. ताज्या मारावर चोळायचं नाही, आधी डॉक्टरकडून तपासून जखमांची नोंद करून घ्यायची, ती पुढे पुरावा होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याप्रमाणे दवाखान्याने अशा बाईला उपचार दिलेच पाहिजेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, रुग्णालयातच अशा बायांशी बोलायला जागा केली. आपल्याकडे ते काम तुम्ही कार्यकर्त्या करता. मग दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्टशी ओळख ठेवा. महिनाभर दर दोन दिवसांनी अर्धा तास, दार लोटून, एका बाईशी बोलायला मिळणारी आमच्यासारखी माणसं आरोग्यव्यवस्थेत फारशी नाहीत.

मागण्यांचं म्हणाल तर पेणच्या आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत चार-पाच जणी मिळून जा आणि लेखी विचारा, फिजिओथेरपिस्टचं पद मंजूर आहे का, भरलेलं आहे का, कोणत्या वारी कोण बसतं, प्लास्टर काढल्यावर बाईला तिकडे पाठवतात का. तोंडी उत्तर घेऊ नका. अलिबागला जा असं सांगतील. अलिबागला जायचं म्हणजे एक रोज बुडतो, एस.टी.चं भाडं जातं आणि खड्ड्यांतून जाऊन कंबर आणखी दुखते, आणि ते आठवड्यातून तीनदा कोण करणार? गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती ठेवायचा पाट उंच करणं, पाठ टेकायला काहीतरी असणं, तासाभराने काम बदलणं, याला खर्च फार येत नाही. पण नगावरची मजुरी जिथे आहे तिथे बाई तासाने उठणार नाही, मग पाट कितीही उंच करा. म्हणून मजुरीची गोष्ट आधी. लावणीला मात्र आजपासून करता येईल. एक ओळ झाली की उभं राहायचं, दोन्ही हात कमरेवर, मागे वाकायचं, पाच वेळा. सगळ्याजणींनी एकदम केलं तर मुकादम एकीला बोलू शकत नाही.

आता माझं बोलणं थांबवते, कारण हे बोलून शिकायचं काम नाही. सतरंज्या पसरा आणि दोघीदोघी समोरासमोर बसा. पहिलीने आपला उजवा हात दुसरीच्या मांडीवर ठेवायचा, तळहात वर. दुसरीने आधी विचारायचं, “हात लावू का?” हसू नका, खरंच विचारा. मग कोपराखालपासून मनगटाकडे न येता, मनगटापासून कोपराकडे, अंगठ्याने हळूहळू सरकत जायचं. जिथे तिला दुखेल तिथे थांबायचं, जोर कमी करायचा आणि ती काय म्हणते ते ऐकायचं. तेलाची बाटली कुणाकडे आहे? इकडे पाठवा.